‘तुरळक ठिकाणी गारपीट’ : बुलढाण्याच्या आभाळाचा आणि एका शब्दाचा इतिहास

१/
फाल्गुन सरत आला की हवामान खात्याच्या विदर्भाच्या अंदाजात एक वाक्य ठरल्यासारखे येते : मेघगर्जना, विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पाऊस, तुरळक ठिकाणी गारपीट. पुढचा आठवडा मग असाच जातो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, चारनंतर क्षितिजावर काळे डोंगर आणि रात्री पुन्हा निरभ्र आकाश. आजचा थ्रेड त्या वाक्यातल्या एकाच शब्दाविषयी आहे : ‘तुरळक’.

२/
हा शब्द सैल वाटतो, पण त्याला नेमका तांत्रिक अर्थ आहे. एखाद्या विभागातील एकूण केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर एखादी घटना अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’; २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’; त्यापुढे ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश’. म्हणजे हा शब्द क्षेत्राची व्याप्ती सांगतो, आघाताची तीव्रता सांगत नाही. ज्याच्या शेतात गार पडली, त्याच्यासाठी ती शंभर टक्केच असते. या दोन मोजमापांतील अंतराला दोन-तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

३/
एका साध्या निरीक्षणापासून सुरुवात करू. आपल्याकडे दुष्काळांना नावे आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ मधला, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा’ दुष्काळ आणि घराघरांत अजून सांगितला जाणारा बहात्तरचा. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांनाही २००४ पासून नावे मिळू लागली. गारपिटीला मात्र नाव नसते. ती पंधरा मिनिटांत येते, चार गावांवरून जाते आणि इतिहासातून निसटते. असे का होते?

४/
आधी भूगोल. बुलढाणा जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. जुन्या वऱ्हाडचे ‘बालाघाट’ आणि ‘पायनघाट’ हे विभाग याच कड्याने पाडलेले. आजही जिल्ह्यात कोणी ‘घाटावरचे तालुके’ म्हणाले की बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा समजायचे. ‘घाटाखालचे’ म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा काळ्या मातीचा प्रदेश. जिल्हा एक असला तरी एकाच दिवशी वरचे आभाळ वेगळे आणि खालचे वेगळे, हा येथील नेहमीचा अनुभव.

५/
मग गारा फाल्गुन-चैत्रातच का? या दिवसांत उत्तरेकडून सरकणाऱ्या पश्चिमी प्रकोपांमुळे मध्य भारताच्या वरच्या वातावरणात थंड, कोरडी हवा येते. खाली जमीन तापू लागलेली असते आणि बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आलेले असतात. खाली उष्ण व दमट, वर थंड व कोरडे : ही उतरंड टिकत नाही. हवा वेगाने वर उसळते, पाण्याचे थेंब गोठतात, ढगातच वर-खाली होत थरावर थर चढवतात आणि वाऱ्याला पेलेनासे झाले की कोसळतात. पावसाळ्यात वरची हवाही उबदार असल्याने गोठणरेषा उंचावर जाते आणि गार जमिनीवर येईपर्यंत बहुधा वितळून जाते.

६/
यात इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच : गार पट्ट्याने पडते. ढगाचा गाभा ज्या वाटेने सरकतो, त्या काही किलोमीटर रुंदीच्या वाटेवर नासाडी होते. धुऱ्याच्या अलीकडचा हरभरा मातीत आणि पलीकडचा जसाच्या तसा उभा, हे दृश्य वऱ्हाडात नवलाचे नाही. दुष्काळ साऱ्या मुलखाला एकत्र गाठतो. गारपीट शेजाऱ्यांना वेगळे करते. आता या पट्ट्याला मोजणाऱ्या व्यवस्था कोणत्या होत्या, ते पाहू.

७/
मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात ‘अस्मानी-सुलतानी’ ही संज्ञा वारंवार भेटते. आज आपण ती संकटांसाठी वाक्प्रचार म्हणून वापरतो. तेव्हा ती कराराची अट होती. गाव किंवा परगणा मक्त्याने देताना अस्मानी, म्हणजे आभाळातून आलेले संकट, किंवा सुलतानी, म्हणजे फौजेची धामधूम, ओढवल्यास वसुलीत सूट मिळेल, असे नमूद केले जाई. मग पाहणी होई आणि सुटीचा आकडा वाटाघाटीतून ठरे.

८/
त्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. सूट मिळणे अंमलदाराच्या मर्जीवर, पाटील-देशमुखांच्या वजनावर आणि सरकारच्या गरजेवर अवलंबून असे. सुटीचा लाभ शेवटच्या कुणब्यापर्यंत पोहोचेलच याची हमी नव्हती. परंतु एक तत्त्व मान्य होते : आभाळाचा धोका रयतेने एकट्याने सोसायचा नाही. आणि एक अडचणही होती : अवर्षण, अतिवृष्टी, टोळ, गारा हे सारे ‘अस्मानी’ या एकाच शब्दात सामावले जाई. म्हणून दप्तरात सूट दिसली, तरी आभाळातून नेमके काय पडले होते ते अनेकदा समजत नाही.

९/
१८५३ च्या तहाने निजामाकडील वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६० च्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतवारी सुरू झाली. या पद्धतीची मुळे १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात केलेल्या कामात आहेत. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. जमिनीचा कस पाहून आकार ठरवायचा आणि तो ३० वर्षे कायम ठेवायचा, हे तिचे सूत्र.

१०/
या सूत्रामागचा विचार समजून घेतला पाहिजे. आकार माफक ठेवला, तर चांगल्या वर्षांच्या बचतीतून शेतकरी वाईट वर्षे निभावून नेईल; मग दरवर्षी पीक पाहण्याची आणि सूट देण्याची गरज राहणार नाही. भ्रष्टाचाराला आळा बसेल, सरकारलाही उत्पन्नाची शाश्वती. कागदावर हे तर्कशुद्ध होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आभाळाचा धोका आता कराराबाहेर गेला. तो खातेदाराच्या नावे जमा झाला. बचत नसलेल्याने वाईट वर्षी सावकाराचे दार ठोठवायचे, हा पुढचा अध्याय आपल्याला माहीत आहेच.

११/
याच सुमारास आभाळ मोजणारी संस्थाही जन्माला आली. १८६४ मध्ये कलकत्त्याला विनाशकारी चक्रीवादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पाऊस दगा देऊन गेला आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. चक्रीवादळ म्हणजे बंदरे आणि जहाजे, मोसमी पाऊस म्हणजे महसूल आणि दुष्काळ. खात्याच्या स्थापनेमागील या दोन चिंतांत फाल्गुनातल्या पंधरा मिनिटांच्या गारांना फारशी जागा नव्हती. शिवाय पर्जन्यमापक पाण्याची उंची मोजतो. लिंबाएवढ्या गारांनी झोपलेला गहू त्याच्या नोंदीत काही मिलिमीटर पाऊस म्हणूनच उतरतो.

१२/
अपवाद होते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेने ही गारपिटीतील सर्वाधिक जीवितहानी म्हणून नोंदवली आहे. पुढे ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातील भारतातील गारपिटींवर एक विस्तृत अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे गारांकडे कोणी पाहिलेच नाही, असे नाही. मात्र गारपीट नोंदली जाण्यासाठी ती बघणाऱ्याच्या डोक्यावरच पडावी लागते. दोन केंद्रांच्या मधून गेलेला पट्टा कोणाच्याच वहीत येत नाही.

१३/
आता ‘आणेवारी’. पूर्ण पीक म्हणजे १६ आणे धरून यंदाचे पीक किती आणे, हे गावासाठी ठरवायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती १९१८ च्या खेडा सत्याग्रहामुळे परिचित आहे : पीक चार आण्यांपर्यंत आले तर संपूर्ण वसुली तहकूब, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान निम्मी. गुजरातमधल्या त्या लढ्यातला वाद आणे किती यावर होता. शेतकरी चारच्या आत सांगत, सरकार वर. पण आणे मोजायचे कसे, यापेक्षा ते कोणाचे मोजायचे हा प्रश्न गारपिटीसाठी अधिक मूलभूत आहे.

१४/
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावात सारख्याच आकाराची १०० शेते आहेत. गारेचा पट्टा १२ शेतांवरून गेला. तेथे पीक शून्य. उरलेल्या ८८ शेतांत पूर्ण १६ आणे. सरासरी काढली तर गावाची आणेवारी १४ आण्यांहून किंचित अधिक! कागदावर हे सुकाळाचे गाव ठरते आणि १२ घरे त्या सुकाळात बुडालेली असतात. दुष्काळाच्या मोजपट्टीने गारपीट मोजली की ती अशी नाहीशी होते. स्वातंत्र्यानंतर आण्यांचे पैसे झाले, १६ आण्यांऐवजी १०० पैसे आणि ५० पैशांची मर्यादा आली. पण सरासरी तीच राहिली.

१५/
सरकारची मोजपट्टी अशी. लोकांची कशी होती? त्यासाठी घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला जावे लागेल. पूर्णाकाठच्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी ‘घटमांडणी’ होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी सुरू केलेली म्हणून ही परंपरा सांगितली जाते आणि त्यांचे वंशज ती आजही चालवतात. शेतात गोलाकार अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी वगैरे. रात्री तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला झालेल्या बदलांवरून पाऊस-पाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात.

१६/
या भाकितांना शास्त्रीय आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने ते वारंवार सांगितले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र घटमांडणी ही एका कृषिसमाजाच्या चिंतांची यादी आहे. खड्ड्यातली ढेकळे किती? चार. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कोणते ढेकूळ किती भिजले यावरून कोणत्या महिन्यात किती पाऊस, ते सांगायचे. भाकितात अवकाळीचा उल्लेख येतो. पण फाल्गुनासाठी पाचवे ढेकूळ मांडलेले नसते.

१७/
पंचांगातही तेच. रोहिणी, मृगापासून पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते : बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा. कोणते नक्षत्र कोणत्या वाहनावर येते, यावर पारावर चर्चा रंगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य शततारका, भाद्रपदा या नक्षत्रांतून जातो; त्यांना पावसाचे वाहन नाही. ‘अवकाळी’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘ज्याचा काळ नव्हे तो’. सरकारी दप्तर असो वा लोकपरंपरा, आपल्या समाजाने पाऊस न येण्याची भीती बारकाईने मांडून ठेवली; पाऊस भलत्या वेळी येण्याची भीती मात्र वर्षाच्या हिशेबाबाहेर राहिली.

१८/
पूर्वी हे काही अंशी निभावून जात असे. वऱ्हाडचे मुख्य वैभव कापूस आणि ज्वारी. फाल्गुनापर्यंत कापूस वेचून खामगावच्या बाजाराकडे निघालेला असे. आज चित्र पालटले आहे. सिंचन वाढले तसा रब्बीचा पसारा वाढला. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन आले. घाटावर कांद्याच्या बियाण्याचे पांढरे गोंडे याच दिवसांत फुलतात. घाटाखाली संत्र्याचा आंबिया बहार नुकताच धरलेला असतो. सोंगून ठेवलेला हरभरा शेतातच सुडीत असतो. एकरी भांडवल जेवढे जास्त, तेवढे त्या पंधरा मिनिटांत गमावण्यासारखे जास्त. जुन्या हिशेबातला रिकामा महिना आता सर्वांत भरलेला आहे.

१९/
मग २०१४ आले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर गारांचे सत्र चालले आणि तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना फटका बसला. विदर्भ, मराठवाडा, उत्तर आणि पश्चिम महाराष्ट्र : ‘तुरळक’ हा शब्दच अपुरा पडला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना राज्य सरकारने ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आपल्याला गारपिटीचे एखादे साल पाठ असेल, तर ते हेच असते. कारण त्या वर्षी ती दुष्काळासारखी, म्हणजे मुलूखभर वागली. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बुलढाणा आणि लगतच्या जिल्ह्यांत पडलेल्या गारा मात्र बाहेरच्यांना क्वचितच आठवतात.

२०/
मोजपट्टी बदलण्याचे प्रयत्न झाले. एप्रिल २०१५ मध्ये केंद्राने मदतीसाठीची किमान हानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. २०१६ मध्ये आलेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेत ‘स्थानिक आपत्ती’ हे कलम होते : गारपीट झाल्यास ७२ तासांत कळवायचे आणि नुकसान त्या शेतकऱ्याच्या शेतापुरते पाहायचे. महसुली इतिहासाच्या संदर्भात ही मोठी घटना होती. सरासरीतून पट्टा वेगळा काढून त्याच्याकडे स्वतंत्रपणे पाहण्याची सोय त्यात होती.

२१/
२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने विम्याची रचना बदलली. स्थानिक आपत्तीसारखे घटक वगळले आणि भरपाई पुन्हा पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या, महसूल मंडळासारख्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर आली. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांचा पंचनामा आणि आपत्ती निधीतील मदत हा मार्ग उरतो. २०२२ च्या निकषांनुसार ती कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये. चौदाव्या मुद्द्यातील १२ शेते आठवा. ती पुन्हा एकदा सरासरीत गेली आहेत.

२२/
दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रत्येक शेत पाहायचे तर माणसे हवीत, वेळ हवा, आणि खोट्या दाव्यांची वाट मोकळी होते. सरासरी स्वस्त असते, तिच्यात एकट्यादुकट्याला फसवणूक करणे अवघड असते. विंगेट-गोल्डस्मिड यांनाही नेमका हाच प्रश्न पडला होता : वैयक्तिक पाहणीत लाचलुचपत, ठरावीक आकारात निर्दयता. पावणेदोनशे वर्षांत या पेचाचे नाव बदलले, स्वरूप नाही. इतिहास येथे उत्तर देत नाही. पण ‘तांत्रिक सुधारणा’ म्हणून येणाऱ्या प्रत्येक बदलात धोका कोणाच्या खात्यावर सरकतो आहे, हे पाहण्याची सवय तो लावतो.

२३/
पूर्वसूचना मात्र खरोखर सुधारल्या आहेत. रंगांचे इशारे येतात, पुढील तीन तासांचा अंदाज येतो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजेची सूचना देते. त्याने माणसे आणि गुरे वाचतात. इशारा आलेला असेल तर झाडाखाली थांबू नका, पत्र्याच्या शेडपासून दूर राहा. उभे पीक मात्र घरात आणता येत नाही. त्याच्यासाठी इशारा म्हणजे येणाऱ्या आघाताची आगाऊ वार्ता एवढेच.

२४/
शेवटी एक विनंती. गारपिटीचा इतिहास अभिलेखागारात विखुरलेला आणि अपुरा आहे. तो जास्त करून माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे वृद्ध होत आहेत. आपण बुलढाण्याचे असा वा अन्य कोठले, गावातल्या ज्येष्ठांना पाच गोष्टी विचारा : सर्वांत मोठी गार कोणत्या वर्षी? कोणत्या सणाच्या आगेमागे? ढग कोणत्या दिशेने आले? कोणत्या शिवारापासून कोणत्या शिवारापर्यंत पडली? त्या वर्षी घर कसे चालले? साल आठवत नसेल तर लग्न, जन्म, निवडणूक यांच्या आधाराने ते लावता येते.

२५/
उत्तरे गावाच्या नकाशावर मांडा. दोन गावांच्या आठवणी जुळल्या की पट्टा दिसू लागेल; दहा गावांच्या जुळल्या की त्या वादळाची वाट. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र शब्दशः लिहून ठेवा. कोणी बैल विकला असेल, कोणाची शाळा सुटली असेल, कोणी पुण्या-मुंबईची वाट धरली असेल. सरासरीने पुसलेली ती १२ घरे दप्तरात सापडणार नाहीत. ती तिथेच सापडतील.

थ्रेड समाप्त. आपल्या गावची गारपीट खाली लिहा. तारीख नसली तरी चालेल, शिवाराचे नाव मात्र आवर्जून लिहा.